आजन्म विद्यार्थी : पंडित गजाननबुवा जोशी

बंगळूर शहरात व्हायोलिनच्या आकाराची एक भव्य वास्तू उभी आहे. कर्नाटक संगीतातील थोर व्हायोलिनवादक टी. चौडय्या यांच्या स्मरणार्थ बांधलेले हे सभागृह 1980 मध्ये पूर्ण झाले. ध्वनिवर्धक सर्वत्र उपलब्ध नव्हते त्या काळात व्हायोलिनचा नाद दूरवर पोहोचावा म्हणून चौडय्यांनी चार तारांच्या वाद्याला आणखी तीन तारा जोडल्या होत्या. एका वादकाला असे स्मारक लाभावे, इतका या वाद्याचा दक्षिणेत मान आहे. व्हायोलिन हे मूळचे युरोपीय वाद्य. कर्नाटक संगीतात ते आणण्याचे श्रेय बाळुस्वामी दीक्षितर यांना दिले जाते. एकोणिसाव्या शतकातच तेथे ते गायनाच्या साथीचे प्रमुख वाद्य होऊन बसले.

उत्तर हिंदुस्थानी संगीतात मात्र व्हायोलिनला हे स्थान बरेच उशिरा मिळाले. येथे गायनाची साथ प्रथम सारंगीकडे आणि पुढे हार्मोनियमकडे होती. व्हायोलिनवर स्वतंत्रपणे राग मांडता येतो आणि तो श्रोत्यांना तास-दोन तास खिळवून ठेवू शकतो, हे विसाव्या शतकातील काही वादकांनी सिद्ध केले. त्यांपैकी एक अग्रगण्य नाव म्हणजे पंडित गजाननबुवा जोशी. ते नामवंत गायक होते, नामवंत वादक होते आणि या दोहोंइतकेच मोठे शिक्षकही होते.

गजाननबुवांचा जन्म 1911 मध्ये मुंबईत झाला. संगीत त्यांच्या घरातच होते. त्यांचे वडील अनंत मनोहर जोशी हे संगीतक्षेत्रात अंतुबुवा या नावाने ओळखले जात. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात आणून रुजवणारे पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर हे अंतुबुवांचे गुरू. सातारा जिल्ह्यातील औंध हे त्या काळी एक छोटे संस्थान होते. तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे कलांचे मोठे चाहते. त्यांच्या दरबारात अंतुबुवा गायक होते. अशा वातावरणात गजाननबुवांचे गाण्याचे पहिले पाठ वडिलांकडेच झाले.

गळ्यावर झालेला हा संस्कार त्यांच्या व्हायोलिनवादनात कसा उतरला, हे समजण्यासाठी या वाद्याची रचना ध्यानात घ्यावी लागते. सतारीला पडदे असतात, हार्मोनियमला पट्ट्या असतात. त्यामुळे प्रत्येक स्वराची जागा आधीच ठरलेली असते. व्हायोलिनला पडदे नाहीत. वादकाची बोटे तारेवर नेमकी कोठे पडावीत, हे केवळ त्याच्या कानाने ठरते. बोट केसभर सरकले तरी स्वर बिघडतो. परंतु ही अडचण हेच या वाद्याचे सामर्थ्यही आहे. बोट तारेवरून घसरत नेले की एका स्वरातून दुसऱ्या स्वरात अखंड जाता येते. यालाच मींड म्हणतात. गायकाचा श्वास जसा सूर धरून ठेवतो, तसा घोड्याच्या केसांचा गज तारेवर फिरत राहून नाद टिकवतो. म्हणूनच मानवी कंठाच्या सर्वांत जवळ जाणाऱ्या वाद्यांत व्हायोलिनची गणना होते.

पाश्चात्त्य वादक हे वाद्य हनुवटीखाली धरतो. भारतीय वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी टेकवतो आणि दुसरे उजव्या पावलावर ठेवतो. असे केल्याने वाद्याचा भार हातावर राहत नाही आणि डावा हात तारेवर मोकळेपणाने फिरू शकतो. तारांचे स्वरही आपल्या संगीतास अनुकूल असे, षड्ज आणि पंचमात, जुळवले जातात. वाद्य परकीय असले, तरी त्यावर वाजणारे संगीत अशा रीतीने पूर्णपणे आपले झाले. गजाननबुवांनी या वाद्यावर गायकी अंग जोपासले. म्हणजेच गायक जसा बंदिश मांडतो, आलाप करतो आणि तानेकडे वळतो, त्याच क्रमाने ते व्हायोलिनवर राग उलगडीत.

व्हायोलिनवादक म्हणून कीर्ती मिळाल्यानंतर एखाद्याने समाधान मानले असते. गजाननबुवांनी तसे केले नाही. त्यांच्या काळी घराण्यांच्या भिंती उंच होत्या. एका घराण्याच्या शिष्याने दुसऱ्या घराण्याच्या गुरूपुढे बसणे हे अनेकांना रुचत नसे. उस्तादही आपली विद्या जपून ठेवीत आणि मोजक्याच शिष्यांना देत. अशा वेळी गजाननबुवांनी वडिलांकडून मिळालेल्या ग्वाल्हेरच्या पायावर आणखी तीन गुरूंची विद्या मिळवली. ग्वाल्हेर परंपरेतीलच रामकृष्णबुवा वझे यांच्याकडे ते शिकले. आग्रा घराण्याचे उस्ताद विलायत हुसेन खाँ आणि जयपूर घराण्याचे उस्ताद भूर्जी खाँ यांचेही त्यांनी शिष्यत्व पत्करले. भूर्जी खाँ हे त्या घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादिया खाँ यांचे पुत्र.

या तिन्ही घराण्यांची वैशिष्ट्ये वेगवेगळी आहेत. ग्वाल्हेर गायकीत बंदिशीची स्पष्ट, मोकळी मांडणी असते. आग्रा गायकीत शब्दांचा लयीशी खेळ म्हणजे बोलबाट आणि लयकारी यांना महत्त्व असते. जयपूर गायकीत स्वरांची गुंतागुंतीची, अखंड वीण असते आणि जोडराग व अनवट राग विशेष गायिले जातात. या सर्वांची सरमिसळ करणे सोपे. पण प्रत्येकाचे मर्म वेगळे राखून ते आत्मसात करणे कठीण. त्यासाठी जाणत्या वयात, नावलौकिक मिळालेला असताना, पुन्हा पहिल्या पाठापासून बसण्याची तयारी लागते. मैफलीत दाद घेणारा कलावंत गुरूपुढे बसला की त्याला चूक कबूल करावी लागते आणि तीच तान पुन्हा पुन्हा घोटावी लागते. गजाननबुवांपाशी ही तयारी होती.

या शिक्षणाचा खरा लाभ त्यांच्या शिष्यांना झाला. ज्याला एकच वाट ठाऊक असते, तो शिक्षक सर्वांना त्याच वाटेने नेतो. गजाननबुवांना तीन वाटा ठाऊक होत्या. त्यामुळे त्यांच्याकडे शिकलेली मंडळी एकमेकांच्या नकला वाटत नाहीत. पंडित उल्हास कशाळकर यांच्या गाण्यात ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर या तिन्ही गायकी आपापल्या रूपात ऐकू येतात. वीणा सहस्रबुद्धे, पद्मा तळवलकर आणि अरुण कशाळकर यांनीही त्यांच्याकडे विद्या घेतली आणि प्रत्येकाने आपला वेगळा ठसा उमटवला. लयीवर बुवांचे असामान्य प्रभुत्व होते. म्हणूनच तबलावादक पंडित सुरेश तळवलकर यांनाही त्यांचे मार्गदर्शन मोलाचे वाटले. गोव्याचे प्रतिभावान व्हायोलिनवादक श्रीधर पार्सेकर हेही त्यांचेच शिष्य. गुरूंच्या हयातीतच पार्सेकरांचे अकाली निधन झाले. शिष्याच्या हाती सोपवलेली विद्या अशी मध्येच खंडित होणे, हे कोणत्याही गुरूला सोसावे लागणारे मोठे दुःख होय.

संगीत नाटक अकादमीने 1972 मध्ये पुरस्कार देऊन गजाननबुवांचा गौरव केला. त्यापूर्वी 1955 मध्ये अंतुबुवांनाही हा सन्मान लाभला होता. आयुष्याच्या उत्तरार्धात गजाननबुवा डोंबिवलीत राहिले. 1987 मध्ये त्यांचे निधन झाले.

औंध येथे अंतुबुवांनी 1940 मध्ये आपले आध्यात्मिक गुरू शिवानंदस्वामी यांच्या स्मरणार्थ संगीतोत्सव सुरू केला होता. वडिलांनंतर गजाननबुवांनी तो निष्ठेने चालवला. पुढे त्यांच्या शिष्यांनी आणि कुटुंबीयांनी ती धुरा उचलली. अपूर्वा गोखले आणि पल्लवी जोशी या त्यांच्या नाती गायनाची परंपरा पुढे नेत आहेत.

द्रव्य वाटले की कमी होते; विद्या न वाटल्यास नष्ट होते. ती वाटण्यासाठी मात्र आधी मिळवावी लागते, आणि ती मिळवण्याला वयाचे बंधन नसते. गजाननबुवा थोर शिक्षक झाले, याचे कारण त्यांनी आपल्यातील विद्यार्थी कधी निवृत्त होऊ दिला नाही.