कोकणातील परसबाग आणि तवशाचे धोंडस

कोकणात आषाढ-श्रावणात पावसाची झड लागली की बाजारात भाजी कमी येते आणि जी येते ती महाग असते. अशा दिवसांत पुष्कळ घरी भात, डाळ व सुकी मासळी यांवरच जेवण भागते. त्याच वेळी घरामागील गुंठाभर जागा मात्र तणाने माजलेली असते.

या उणिवेचा भार प्रामुख्याने मुलांवर व स्त्रियांवर पडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे ६९ मुलांत आणि १५ ते ४९ वर्षे वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी सुमारे ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रौढ माणसास दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या व १०० ग्रॅम फळे सुचविली आहेत. म्हणजे पाच माणसांच्या घरास दिवसाला सुमारे दोन किलो भाजी लागते. एका गुंठ्यातून ही सर्व गरज भागेलच असे नाही. परंतु नीट आखलेली परसबाग तिचा मोठा वाटा उचलू शकते.

जागेची आखणी

एक गुंठा म्हणजे सुमारे ३३ फूट लांब व तितकीच रुंद जागा. ती घराजवळ, भरपूर ऊन मिळणारी व पाणी न साचणारी असावी. शेवगा, लिंबू व पपई उत्तरेच्या कडेला लावावीत, म्हणजे त्यांची सावली वाफ्यांवर पडत नाही. न्हाणीच्या पाण्याचा पाट काढून त्याच्या टोकाशी केळ व अळू लावावे. पपई तेथे लावू नये, कारण पाणी साचल्यास तिची मुळे कुजतात. साबण-सोड्याचे पाणी पालेभाजीच्या वाफ्यांत कदापि सोडू नये.

वाफे तीन फूट रुंद ठेवावेत, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात पोहोचतो. पावसाळ्यात ते वीतभर उंच करावेत. चांगले कुजलेले शेणखत मातीत मिसळावे.

हंगामवार लागवड

मृगाचा पाऊस पडताच तवसे, पडवळ, दोडका व कारली यांच्या बिया आळ्यांत लावाव्यात. प्रत्येक आळ्यात तीन-चार बिया टोकून पुढे दोन जोमदार रोपे राखावीत. दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण तारा’ कारली व ‘कोकण हरिता’ दोडका या जाती या भागास योग्य आहेत. वेल मांडवावर चढवावेत. जमिनीवर राहिलेली फळे पावसात कुजतात. भेंडी सरीच्या वरंब्यावर लावावी. पाऊस ओसरल्यावर वांगी, मिरची, मुळा व वाल घ्यावेत. लाल माठ मात्र एकदम न पेरता दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा पेरावा, म्हणजे कोवळी भाजी सतत मिळते.

तवशाच्या वेलावर आधी नरफुले येतात व गळतात. त्याने घाबरून जाऊ नये. मादीफुले मागाहून येतात व त्यांचे परागण मधमाश्या करतात. म्हणून सकाळी फुलांवर औषध फवारू नये. फळमाशीने डागलेली फळे वेलाखाली टाकून न देता खोल पुरावीत आणि क्यू ल्यूरचे सापळे टांगावेत.

तवशाचे धोंडस

भाद्रपदात तवसी एकदम तयार होतात. पक्व तवसी छपराखाली टांगून काही काळ टिकविता येतात. बाकीची वाया न घालविता त्यांचे धोंडस करावे. दक्षिण कोकणात व गोव्यात यालाच तवसळी म्हणतात. भट्टीशिवाय घरच्या चुलीवर भाजता येणारा हा पदार्थ होय.

प्रथम तवशाची दोन्ही टोके चाखून पाहावीत. कडू असल्यास ते फळ मुळीच वापरू नये. साल व बिया काढून दोन वाट्या कीस घ्यावा; सुटलेले पाणी फेकू नये. एक वाटी तांदळाचा रवा तुपावर खमंग भाजावा. कीस व त्याचे पाणी उकळून त्यात पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी ओले खोबरे, चिमूटभर मीठ व वेलची घालावी. मग रवा सोडून झाकण ठेवून शिजवावा. जाड बुडाच्या पातेल्यास तूप लावून तळाशी हळदीची किंवा केळीची पाने पसरावीत व मिश्रण थापावे. खाली मंद विस्तव व झाकणावर निखारे ठेवून सुमारे पाऊण तास भाजावे. वरची बाजू तांबूस झाली की उतरवावे आणि निवाल्यावर वड्या कापाव्यात. जास्त पिकलेली केळीही कुस्करून अशीच वापरता येतात. मात्र गूळ कमी घालावा.

धोंडस हा भाजीस पर्याय नव्हे. माठ, शेवग्याचा पाला व अळू रोजच्या जेवणात असावेतच. पालेभाजीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीरास अधिक लागू पडते आणि थोडे तेल असल्यास तिच्यातील ‘अ’ जीवनसत्त्वाचा अंश अंगी लागतो. ज्या घरी स्त्री सर्वांमागून जेवते, तेथे तिच्या वाट्याची भाजी आधीच काढून ठेवावी.

गावकार्यकर्त्यांचे काम

गावकार्यकर्त्यांनी रोहिणी नक्षत्र लागण्यापूर्वी गावातील एका सामान्य घराची जागा निवडून तेथे वाफे आखून दाखवावेत आणि घरोघरच्या उत्तम वेलांचे बी राखून शेजाऱ्यांना देण्याची प्रथा पाडावी. व्याख्यानापेक्षा शेजारच्या मांडवावर लोंबणारे पडवळ लोकांना लवकर पटते.