‘दैसर’ म्हणताना जीभ कुठे असते?

घाईत बोलताना ‘दहिसर’मधला ‘ह’ बरेचदा विरघळतो आणि ‘दैसर’ ऐकू येतं. सावकाश म्हणून पाहा. ‘द’नंतरच्या ‘अ’ला जीभ तोंडाच्या मध्यावर सैल असते, ‘हि’ला तिचा पुढचा भाग टाळूकडे उचलला जातो. ‘दै’ म्हणताना ती या दोन जागांमधून न थांबता सरकते. अशा सरकत्या स्वराला संयुक्त स्वर म्हणतात.

स्वर उच्चारताना हवेची वाट कुठेच अडत नाही. म्हणून ध्वनिशास्त्र विचारतं: जीभ किती उंच, तिचा कोणता भाग उचललेला, ओठ गोल की पसरट? ‘ई’ उच्च, अग्र, पसरट. ‘ऊ’ उच्च, पश्च, गोल. लंडनच्या डॅनियल जोन्स यांनी जिभेवर बारीक साखळी ठेवून तिच्या या जागांची क्ष-किरण छायाचित्रं काढली. ती १९१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

कानाला हा फरक कळतो तो तोंडाच्या पोकळीतल्या अनुनादामुळे. जीभ खाली गेली की पहिला अनुनाद चढतो, पुढे आली की दुसरा. पीटरसन आणि बार्नी यांच्या १९५२ च्या मोजणीत अमेरिकी पुरुषांच्या ‘ई’साठी हे आकडे सरासरी २७० आणि २२९० हर्ट्झ होते, तर ‘आ’च्या जवळच्या स्वरासाठी ७३० आणि १०९०.

शाळेत ‘अ’ ऱ्हस्व आणि ‘आ’ दीर्घ एवढंच शिकवतात, ते अपुरं आहे. ‘अ’ कितीही लांबवा, त्याचा ‘आ’ होत नाही, कारण जिभेची उंचीच वेगळी. पाणिनीला हे पक्कं ठाऊक होतं. परंपरेने लावलेल्या अर्थानुसार, नियमांच्या सोयीसाठी त्याने ‘अ’ला ‘आ’सारखा विवृत मानलं आणि अष्टाध्यायीच्या अगदी शेवटच्या सूत्रात त्याचं खरं, संवृत रूप परत दिलं. इतका तल्लख कान मला आजही थक्क करतो.

‘बॅग’मधला स्वर ‘ए’पेक्षा खाली, ‘आ’पेक्षा वर. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयाने ‘ॲ’ आणि ‘ऑ’ वर्णमालेत आले आणि स्वर १४ झाले. हिंदीला अशा वेगळ्या ‘ॲ’ची गरज पडली नाही, तिथे ‘बैग’ लिहून भागतं. मानक हिंदीत ‘ऐ’ म्हणताना जीभ सहसा सरकत नाही, ‘ॲ’च्या जवळच एका जागी थांबते. म्हणून दहिसरच्या फलाटावर ‘दैसर’ असं लिहून दाखवलं, तर मराठी माणूस ते ‘दइसर’सारखं वाचेल आणि शेजारचा हिंदी भाषक जवळपास ‘दॅसर’.