हसरा कप, गुबगुबीत किटली : चिमुकल्यांचे वस्तुचित्र

लहान मुलासमोर कोरा कागद आणि खडू ठेवले, की बहुतेक घरांत एकच देखावा साकारतो. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्यामधून उगवणारा सूर्य, खाली नदी, काठावर झोपडी आणि आकाशात चारच्या आकड्यासारखे पक्षी. हा देखावा मुलाने कधी पाहिलेला नसतो. कोणीतरी तो त्याला गिरवायला दिलेला असतो. त्याऐवजी घरातल्या रोजच्या वस्तू गोंडस रूपात काढायला शिकवण्याची पद्धत आता रुजली आहे. हसरा कप, गुबगुबीत किटली, झोपाळू उशी ही तिची काही उदाहरणे. ही पद्धत मुलांना आवडते यात शंका नाही. मात्र ती नीट हाताळली नाही, तर डोंगर-सूर्याच्या जागी केवळ नवा साचा येण्याचा धोका असतो.

वस्तू निवडताना मुलाचे वय पाहावे लागते. सर्वसाधारणपणे तिसऱ्या वर्षी मुलाला पाहून गोल काढता येतो, चौथ्या वर्षी अधिकची खूण जमते, तर पाचव्या वर्षाच्या आसपास चौकोन आणि त्रिकोण साधतात. शंकरपाळ्याचा तिरपा चौकोन त्याहून उशिरा, सहाव्या-सातव्या वर्षी येतो. त्यामुळे चार वर्षांच्या मुलाला लाडू, टोमॅटो किंवा चेंडू द्यावा. छत्री, कप, किटली यांची पाळी नंतर. हात न दुखता ठळक रेघ उमटावी म्हणून टोकदार पेन्सिलीपेक्षा जाडसर मेणखडू सोयीचा ठरतो.

कपाचे चित्र चार टप्प्यांत होते. प्रथम खाली किंचित निमुळता होणारा चौकोन काढावा व त्याचे कोपरे गोल करावेत. वर काठासाठी चपटा लंबगोल आणि बाजूला कानासाठी अर्धगोल जोडावा. शेवटी दोन टिपक्यांचे डोळे आणि छोटेसे हसू काढावे. गोंडसपणाचे रहस्य या शेवटच्या टप्प्यात दडलेले आहे. डोळे कपाच्या मध्यरेषेच्या थोडे खाली आणि एकमेकांपासून दूर असावेत. तोंड लहान आणि त्यांच्या जवळ असावे. प्राणिवर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये याचे कारण मांडले होते. मोठे डोके, उंच कपाळ, खालच्या बाजूला असलेले मोठे डोळे आणि फुगीर गाल ही तान्ह्या बाळाची लक्षणे दिसताच माणसाच्या मनात माया दाटते. कपावरचे ते दोन टिपके हीच किमया करतात.

मुलाच्या कपात पालकांना जी ‘चूक’ दिसते, तिच्यामागेही कारण असते. मानसशास्त्रज्ञ फ्रीमन आणि जानिकून यांनी १९७२ मध्ये पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसमोर एक कप ठेवला. त्याचा कान मागे दडलेला होता आणि दर्शनी बाजूवर फूल होते. लहान मुलांनी न दिसणारा कान काढला आणि समोर दिसणारे फूल बहुधा वगळले. मोठ्या मुलांनी दिसले तसे रेखाटले. लहान मूल डोळ्यांना जे दिसते त्याऐवजी मनाला जे ठाऊक असते ते काढते. कानाशिवाय कप कसला, हे त्याचे तर्कशास्त्र. ही वाढीची पायरी असल्याने तिथे खोडरबर चालवण्याचे कारण नाही.

शिकवणाऱ्याने आपल्या कागदावर काढून दाखवावे. मुलाचा हात धरून गिरवून घेऊ नये. ‘हे काय काढलेस?’ या प्रश्नापेक्षा ‘याच्याविषयी सांग’ असे म्हटले, की मूल बोलू लागते. एक कप सांगितलेल्या पद्धतीने काढून झाला, की दुसरा स्वयंपाकघरातून आणून समोर ठेवावा. याचा कान कुठे आहे, काठ कुठे उडाला आहे, आजोबांचा कप आईच्या कपाहून उंच आहे का, असे विचारावे. साचा हाताला धीर देतो. निरीक्षणाची सवय मात्र अशा प्रश्नांतूनच लागते.

या सवयीचे मोल पुढे कळते. नवव्या-दहाव्या वर्षाच्या सुमारास मुले आपले चित्र खऱ्या वस्तूशी ताडून पाहू लागतात, आणि ‘मला चित्र येत नाही’ म्हणत अनेक जण खडू कायमचे खाली ठेवतात. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्राला सामोरे जाण्याची वेळ येते, तोवर त्यांची गोडी संपलेली असते. ज्याला फक्त साचा ठाऊक आहे, तो साच्याबाहेरची वस्तू समोर येताच अडतो. ज्याने घरातला उडालेल्या काठाचा कप डोळे भरून पाहिला आहे, त्याची रेघ वाकडी आली तरी चित्र थांबत नाही. गोंडस डोळे त्या कपाकडे मुलाचे लक्ष वेधण्यासाठी आहेत. त्यापुढे कप नीट पाहायला शिकवणे हे मोठ्यांचे काम आहे.