वाकडा वक्र सरळ होतो का?

आलेखवहीत य = क्ष² हा अन्वस्त काढा. आता प्रत्येक बिंदूच्या क्ष मध्ये १ आणि य मध्ये २क्ष+१ मिळवा. (१,१) जातो (२,४) वर, (२,४) जातो (३,९) वर. सारे प्रतल हलले, पण अन्वस्त स्वतःवरच सरकला! ही त्याची सममिती. (आरशातली सममिती तर सर्वांनाच दिसते.) य मधून क्ष² वजा केल्यास तो सरळ रेषाच होतो, म्हणून हे जमते.

असे वक्र कोणते? क्ष, य या ट च्या बहुपदी असाव्यात आणि त्यांच्यापासून बेरीज, वजाबाकी, गुणाकाराने ट परत मिळावा. असा प्रत्येक वक्र, उलट फिरवता येणाऱ्या पायऱ्यांनी, सरळ करता येतो. हे श्रीराम अभ्यंकर आणि मोह यांनी १९७५ साली सिद्ध केले. पुण्याचे भास्कराचार्य प्रतिष्ठान अभ्यंकरांनीच स्थापले. क्ष = ट², य = ट³ घ्या; भागाकाराशिवाय ट मिळत नाही. त्याचे टोक तसेच राहते.