चिमणी, चिकू आणि ओझोन

मराठीत ‘चिमणी’ या शब्दाला तीन अर्थ आहेत. एक अंगणात दाणे टिपणारी. दुसरी घासलेटवर मिणमिणणारी, जिच्या उजेडात आमच्या पाड्यांवरच्या एका पिढीनं पाढे पाठ केले. आणि तिसरी धूर सोडणारी. डहाणूच्या माणसासमोर ‘चिमणी’ म्हणा, त्याला आधी तिसरीच आठवते. खाडीकाठच्या औष्णिक वीज केंद्राची ही चिमणी २७५ मीटर उंच आहे. मासेमारी करून परतणाऱ्या बोटीवरच्या खलाशाला किनाऱ्याआधी ती दिसते.

काही वर्षांपूर्वी तलासरीकडच्या एका आश्रमशाळेत मला बोलावलं होतं. दिवस १६ सप्टेंबरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय ओझोन दिनाचा. मुलांनी चित्रं काढली होती. वारली हाताची सफाई काय सांगावी! त्रिकोणाची माणसं, तारपा, ताडाची झाडं आणि मधोमध चिमणी. चिमणीतून निघालेला धूर वर जाऊन आभाळाला भोक पाडतोय. एका मुलीनं विचारलं, “सर, आपल्या चिमणीनं आभाळ फाटलं का?” गुरुजी माझ्याकडे बघायला लागले. मी बी.ए. झालेला कवी माणूस, रसायनशास्त्र शाळेतच सुटलेलं. पण तो प्रश्न मनात घेऊन घरी आलो आणि वाचायला बसलो. जे समजलं ते आज आपल्यापुढे ठेवतो.

पहिली गोष्ट, त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. चिमणीचा धूर ओझोनच्या थराला भोक पाडत नाही. चिमणी निर्दोष आहे असा याचा अर्थ नव्हे. तिचा गुन्हा वेगळा आहे.

ओझोन म्हणजे प्राणवायूचाच भाऊ. आपण श्वासात घेतो त्या प्राणवायूच्या रेणूत दोन अणू असतात, ओझोनच्या रेणूत तीन. जमिनीपासून साधारण १५ ते ३५ किलोमीटर उंचीवर तो विरळ पसरलेला आहे. आपण ‘थर’ म्हणतो म्हणून एखादी जाड गोधडी डोळ्यांसमोर येते. खरं तर वरचा सगळा ओझोन खाली आणून जमिनीलगतच्या दाबाखाली पसरला, तर त्याची जाडी जेमतेम तीन मिलिमीटर भरेल. एवढ्याशा पापुद्र्यावर सूर्याचे अतिनील किरण अडतात. ते मोकळे खाली आले तर त्वचेचा कर्करोग, डोळ्यांत मोतीबिंदू, पिकांची नासाडी आणि समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींचं नुकसान, म्हणजे शेवटी मासळीवरही घाला.

हा पापुद्रा फाडला तो क्लोरोफ्लुरोकार्बन नावाच्या कुटुंबानं. सोयीसाठी त्याला सीएफसी म्हणू. १९२८ च्या सुमारास हे वायू शोधले गेले तेव्हा सगळ्यांना हायसं वाटलं होतं. कारण त्याआधी फ्रिजमध्ये विषारी वायू वापरत. सीएफसी पेटत नाही, वास येत नाही, कशाशी झगडत नाही. अगदी साधा, सालस. मग तो फ्रिजमध्ये गेला, वातानुकूलन यंत्रात गेला, फवाऱ्याच्या डब्यांत गेला. माझ्या अब्बांच्या उशाशी दम्याचा पंप असे. त्यांच्या छातीत औषध ढकलणारा वायूसुद्धा सीएफसीच होता.

घात झाला तो या सालसपणामुळेच. चिमणीतला गंधकाचा वायू पाण्यात विरघळतो. काही दिवसांत तो दवाबरोबर, पावसाबरोबर खाली येतो, तेवढ्या वर पोचतच नाही. सीएफसी मात्र पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. पन्नास-पन्नास, शंभर-शंभर वर्षं तो टिकतो आणि हळूहळू वर चढतो. वर अतिनील किरण त्याला फोडतात, त्यातून क्लोरीनचा अणू सुटतो आणि तो ओझोन मोडत सुटतो. स्वतः मात्र शाबूत राहतो. एक अणू एक लाखापर्यंत ओझोनचे रेणू संपवू शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये हे सांगितलं तेव्हा कारखानदारांना ते पटलं नाही. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर मोजमाप करणाऱ्या ब्रिटिश शास्त्रज्ञांना तिथला ओझोन वसंत ऋतूत भयंकर घटलेला आढळला. भोक तिथंच का? तर तिथल्या कडाक्याच्या थंडीत वर बर्फाचे विरळ ढग बनतात आणि त्या ढगांच्या कणांवर ही मोडतोड फार वेगानं होते. डहाणूवर असं भोक कधी पडलं नाही.

या अभ्यासात आपल्या पुण्याचाही वाटा आहे. फुग्याबरोबर वर जाऊन ओझोन मोजणारं भारतीय उपकरण तयार झालं ते पुण्याच्या हवामान खात्यात, अॅना मणी या शास्त्रज्ञ बाईंच्या देखरेखीखाली, १९६० च्या दशकात. फ्रिजमुळे ओझोन घटतो हे कोणाला माहीतही नव्हतं, तेव्हा!

पुढची हकीकत जगाच्या इतिहासात दुर्मीळ आहे. १६ सप्टेंबर १९८७ रोजी माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ मध्ये आला. १ जानेवारी २०१० पासून आपल्याकडे सीएफसीची निर्मिती बंद झाली; दम्याच्या पंपांना तेवढी थोडी मुदत मिळाली. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२ च्या अहवालानुसार सगळं असंच चालू राहिलं, तर ध्रुवांखेरीज बाकी जगावरचा थर २०४० च्या सुमारास १९८० च्या पातळीवर येईल. अंटार्क्टिकावर त्याला २०६६ उजाडेल. शेतातल्या युरियातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड अजून त्या थराला कुरतडतो आहे, तेवढी गाठ सुटायची आहे.

आता आपल्या चिमणीकडे येऊ.

दगडी कोळशात गंधक असतं. आपल्या देशी कोळशात ते कमी, साधारण अर्धा टक्का, राख मात्र भरपूर. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. पण हिशेब करा. हजार टन कोळशात पाच टन गंधक. जळताना ते हवेतला प्राणवायू ओढून घेतं आणि वजनानं दुप्पट होतं, म्हणजे दहा टन सल्फर डायऑक्साइड. पाचशे मेगावॅटचं केंद्र भर क्षमतेनं चाललं की दिवसाला काही हजार टन कोळसा खातं. उंच चिमणीनं हा वायू नाहीसा होत नाही, फक्त लांब पसरतो. शेजाऱ्याच्या दारातला कचरा पुढच्या आळीत टाकावा, तसं.

आणि आमच्याकडे वाऱ्याचं घड्याळ आहे. दिवसा खारे वारे समुद्रावरून जमिनीकडे वाहतात, रात्री मतलई वारे जमिनीवरून समुद्राकडे. म्हणजे दिवसभर धूर बागांच्या, पाड्यांच्या बाजूला. चिकूचं झाड थोडीथोडकी नव्हे, जवळजवळ वर्षभर फुलतं. बारमाही फुलणाऱ्या झाडाला धुरापासून सुटीचा हंगाम नसतो. पानांवरच्या सूक्ष्म छिद्रांतून गंधकाचा वायू आत जातो, ओलाव्यात त्याचं आम्ल होतं, पानं करपतात. बागायतदार चिकूची गळ मोजतात आणि चिमणीकडे बोट दाखवतात. मला वाटतं, सगळा दोष तिच्याच माथी मारणं बरोबर नाही. बी पोखरणारी अळी आहे, पावसाळ्यातली फळकूज आहे, बागा म्हाताऱ्या झाल्यात. पण आजारी माणसाच्या खोलीत धूर करू नये, एवढं तर आपण जाणतोच.

हे केंद्र उभं राहण्याआधीच डहाणूकरांनी विरोध केला होता. तो टिकला नाही. मात्र २० जून १९९१ रोजी केंद्र सरकारनं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला. उद्योगांना साऱ्या तालुक्यात मिळून ५०० एकरांची मर्यादा घातली आणि मूळ अधिसूचनेत तालुक्याभोवतीचा २५ किलोमीटरचा पट्टा उद्योगमुक्त ठेवायला सांगितलं. वीज केंद्र तोवर मंजूर झालेलं होतं. १९९५ मध्ये ते सुरू झालं. पुढं बिट्टू सहगल यांच्या याचिकेवर ३१ ऑक्टोबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि त्यातून डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी.

या प्राधिकरणानं १९९९ मध्ये आदेश दिला की चिमणीच्या धुरातून गंधक काढून घेणारी यंत्रणा बसवा. आदेश निघाला आणि वर्षं जाऊ लागली. कंपनी म्हणे गरज नाही, प्राधिकरण म्हणे आहे. प्रकरण कोर्टात फिरलं. शेवटी २००५ मध्ये प्राधिकरणानं ३०० कोटी रुपयांची बँक हमी मागितली. उच्च न्यायालयात ती रक्कम कमी झाली, पण यंत्रणेचं काम हललं. २००७ मध्ये ती चालू झाली. आदेशापासून आठ वर्षं. त्या वर्षी पहिलीत बसलेलं पोर तोवर आठवी पार झालं.

यंत्रणेचं तत्त्व मात्र सुंदर आहे. समुद्राचं पाणी निसर्गतः किंचित अल्कधर्मी असतं. धूर एका उंच मनोऱ्यातून नेतात, वरून खाऱ्या पाण्याची धार सोडतात. गंधकाचा वायू पाण्यात उतरतो. मग त्या पाण्यात भरपूर हवा खेळवतात, की त्याचं सल्फेट होतं, जे समुद्रात मुळातच मुबलक असतं. ते पाणी परत जातं. मच्छीमारांनी यावर प्रश्न विचारले, आणि विचारायलाच हवेत. खाडीत जाणारं पाणी किती गरम, किती आम्लयुक्त, हे रोज मोजलं गेलं तरच ही सगळी गोष्ट सुंदर.

देशभरातल्या वीज केंद्रांना गंधकाच्या मर्यादा लागू झाल्या त्या डिसेंबर २०१५ मध्ये. मुदत होती २०१७ ची. ती वाढत गेली. जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारनं सुमारे ७८ टक्के कोळसा केंद्रांना या यंत्रणेतून सूटच दिली. कारणांपैकी एक हेच, की देशी कोळशात गंधक कमी. हजार टनांचा मघाचा हिशेब मी मुद्दाम त्यासाठीच मांडला. डहाणूत जे २००७ मध्ये जमलं, ते इतरत्र न परवडणारं कसं ठरतं, हे मला कोडंच आहे.

तलासरीची कथा निराळी. तिथं चिमणी नाही, मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. उत्तरेला वापी, दक्षिणेला तारापूर. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, तेव्हा वापी ८८.०९ गुणांनी अंकलेश्वरच्या खालोखाल दुसरी होती. हे गुण वाढले की पेढे वाटायचे नसतात. गुजरातच्या हद्दीवर अच्छाडच्या बाजूला ट्रकांच्या रांगा लागतात. डिझेलच्या धुरात नायट्रोजनचे ऑक्साइड असतात. कारखान्यांच्या रसायनांच्या वाफा त्यात मिसळतात, वरून कोकणचं ऊन. आणि या भट्टीत काय तयार होतं? ओझोन! होय, तोच. वर आपल्याला वाचवणारा, खाली फुप्फुसं जाळणारा. जमिनीलगतचा हा ओझोन कुठल्याही धुराड्यातून निघत नाही, उन्हात शिजतो. म्हणून तो दुपारी जास्त असतो, आणि धूर जिथं निघाला त्यापेक्षा वारा जिकडे नेईल तिकडे जास्त. खारे वारे त्याला आत, डोंगराकडे ढकलतात. भर दुपारी शेतात वाकलेल्या बाईला खोकला येतो, त्यात दिसणारा धूर नसतो. दिसत नाही म्हणून कोणी मोर्चा काढत नाही.

पिकांनाही तो सोडत नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले सचिन घुडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये अंदाज मांडला. २००५ या एका वर्षात अशा ओझोननं देशातला सुमारे ३५ लाख टन गहू आणि २१ लाख टन तांदूळ बुडवला. सुमारे ९ कोटी ४० लाख गरिबांचं धान्य.

इथं शहरी पाहुणा हमखास विचारतो, “पण हे आदिवासी राब जाळतात, त्याचं काय?” उन्हाळ्यात पालापाचोळा, शेण पसरून रोपांची जागा भाजतात, त्याला राब म्हणतात. धूर होतो, खरं आहे. थोडे दिवस, उघड्यावर. मला त्यापेक्षा काळजी वाटते ती कुडाच्या घरातल्या चुलीची. बारा महिने, दोन वेळा, दारं-खिडक्या नसल्यासारख्या खोलीत ओलं लाकूड फुंकणाऱ्या बाईच्या छातीत जे जातं, त्याची तक्रार प्राधिकरणापुढे कधी आली नाही. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये आली, पाड्यांवर सिलिंडर पोचले. ते पुन्हा भरायला पैसे लागतात, आणि लाकूड रानात फुकट मिळतं.

न्यायमूर्ती धर्माधिकारी जानेवारी २०१९ मध्ये गेले. ज्या प्राधिकरणानं १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला होता, त्याच प्राधिकरणानं ३१ जुलै २०२३ रोजी परवानगी दिली. ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. बंदर म्हणजे जहाजांचं इंधन, आणि माल वाहायला ट्रक. ट्रक म्हणजे डिझेल, आणि डिझेल अधिक ऊन म्हणजे काय, ते आता श्रोत्यांना सांगायला नको. चिमणीत यंत्रणा बसवता येते, कारण ती एका जागी उभी असते आणि तिला एक मालक असतो. हजारो ट्रकांना कोणता आदेश द्यायचा, कोणाची बँक हमी मागायची, हे बंदराच्या परवानगीबरोबरच ठरायला हवं, आणि हवा मोजणारी यंत्रं नुसती डहाणू शहरात न ठेवता कासा, तलासरी, उधवा इथंही बसायला हवीत, पहिला ट्रक निघण्याआधी. आजचा आकडा हाती असेल, तरच उद्या कोणाला काही विचारता येईल.