तयार रेकॉर्ड मोडली, म्हणून अजरामर झाली

बॉब डिलनच्या 'ब्लड ऑन द ट्रॅक्स'ची जाहीर गोष्ट रसिकांना तोंडपाठ आहे. पत्नी सारासोबतच्या संसाराला तडे गेले, त्या दुखण्यातून दहा गाणी आली, जानेवारी १९७५मध्ये रेकॉर्ड निघाली आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. स्टुडिओच्या बंद दाराआड मात्र बरंच काही घडत होतं.

सप्टेंबर १९७४. न्यूयॉर्कचा ए अँड आर स्टुडिओ. डिलनने आपल्या पहिल्या रेकॉर्ड्स केल्या, तीच ही वास्तू. साथीला एरिक वाइसबर्ग आणि त्याचा संच. 'ड्युएलिंग बँजोज'मुळे त्याचं नाव तेव्हा गाजत होतं. पण डिलनने गिटार वेगळ्याच सुरांत लावलेली, त्यामुळे त्याच्या बोटांकडे बघून कॉर्ड ओळखणं अवघड. तो कॉर्ड सांगेना, तालीम घेईना, एक गाणं संपायच्या आत दुसऱ्यात शिरे. त्याच्या कोटाची बटणं गिटारवर खडखडायची. ती खडखड त्या ध्वनिमुद्रणांत आजही ऐकू येते. दुसऱ्या दिवशी त्या गाजलेल्या संचापैकी एकट्या टोनी ब्राउनला बोलावणं आलं. तो बास वाजवायचा.

रेकॉर्ड तयार झाली, कव्हरं छापून झाली. नाताळात डिलन चाचणीची तबकडी घेऊन मिनेसोटाला, घरी गेला. धाकट्या भावाने, डेव्हिडने, ती ऐकली आणि सगळी गाणी एकाच रंगाची वाटतात, असं सांगून टाकलं. जगाने डोक्यावर घेतलेल्या गायकाला हे सांगायला सख्खा भाऊच लागतो! आणि डिलनने ऐकलं, हे त्याहून मोठं.

मिनियापोलिसच्या साउंड ८० स्टुडिओत घाईघाईने स्थानिक वादक जमवले गेले. त्यांच्यातला केव्हिन ओडेगार्ड रेल्वेत ब्रेकमनची नोकरी करून गाणं सांभाळायचा. डिलनला लहान आकाराची जुनी मार्टिन गिटार हवी होती. गिटारच्या दुकानाचा मालक ख्रिस वेबर ती घेऊन आला. गिटार देऊन परत जायचं, एवढंच त्याच्या मनात. डिलनने त्याला 'इडियट विंड'च्या कॉर्ड्स शिकवल्या आणि त्या बाकीच्यांना शिकवायला सांगितलं. गिटार पोचवायला आलेला माणूस रेकॉर्डवर वाजवून घरी गेला.

३० डिसेंबरचा प्रसंग मला सर्वांत प्रिय आहे. 'टँगल्ड अप इन ब्लू' पांढरी पाचमध्ये चाललं होतं. कसं वाटतंय, असं डिलनने विचारलं आणि ओडेगार्डच्या तोंडून 'ठीक आहे' एवढंच निघून गेलं. डिलनसमोर! खोलीत शांतता. मग ओडेगार्डनेच धीर करून पट्टी एक स्वर वर, पांढरी सहाला न्यावी, असं सुचवलं. डिलनने ते मानलं. वरच्या पट्टीपर्यंत पोचताना त्याच्या आवाजाला जो ताण पडला, त्याने गाण्यात जीव आला. रेकॉर्डची सुरुवात होते ती याच गाण्याने.

दहापैकी पाच गाणी अशी बदलली. कव्हरं मात्र आधीच छापलेली, म्हणून मिनियापोलिसच्या एकाही वादकाचं नाव त्यांवर नाही. त्याच कव्हरच्या पाठीवर पीट हॅमिलचा लेख होता. पुढच्या छपाईत तो काढून टाकला गेला आणि नेमकं त्यालाच ग्रॅमी मिळालं. लेख सन्मानाने परत आला. वादकांची नावं आली नाहीत. २०१८मध्ये 'मोअर ब्लड, मोअर ट्रॅक्स' हा संच निघाला, तेव्हा ती अधिकृतपणे छापली गेली. चव्वेचाळीस वर्षांचा हा उशीर अन्यायच होता.

न्यूयॉर्कची मूळ ध्वनिमुद्रणंही आता याच संचात मिळतात. काहींना तीच अधिक हळवी वाटतात. माझा कौल मिनियापोलिसला. दोन्ही ऐका आणि ऐकताना ही नावं लक्षात असू द्या: केव्हिन ओडेगार्ड, ख्रिस वेबर, बिली पीटरसन, बिल बर्ग, ग्रेग इनहोफर, पीटर ऑस्ट्रुश्को.