लैंगिक समस्या : दोष नव्हे, उपचारयोग्य विकार

अतिश्रम, चिंता किंवा अपुरी झोप यांमुळे पतिपत्नींच्या लैंगिक संबंधांत एखाद्या वेळी अडचण येणे स्वाभाविक आहे. तो आजार नव्हे. मात्र अशी अडचण काही महिने टिकून राहिली आणि दोघांपैकी कोणालाही तिचा त्रास होऊ लागला, तर वैद्यकीय सल्ला घेणे आवश्यक ठरते.

समस्येचे स्वरूप
पुरुषांमध्ये लिंगाला पुरेशी ताठरता न येणे व शीघ्रपतन, तर स्त्रियांमध्ये योनिमार्गाचा कोरडेपणा व संबंधाच्या वेळी वेदना या तक्रारी आढळतात. इच्छा कमी होणे दोघांमध्येही संभवते.

कारणे
मधुमेह, उच्च रक्तदाब, थायरॉइडचे विकार, धूम्रपान, मद्यपान, नैराश्य तसेच काही औषधे यांमुळे ही समस्या उद्भवू शकते. प्रसूती व रजोनिवृत्तीनंतर शरीरात होणारे बदलही कारणीभूत ठरतात. लिंगातील रक्तवाहिन्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांपेक्षा अरुंद असतात. त्यामुळे ताठरतेचा अभाव ही हृदयविकाराची पूर्वसूचना असू शकते. म्हणून रक्तशर्करा, रक्तदाब व कोलेस्टेरॉल यांची तपासणी अवश्य करून घ्यावी. चालू असलेली औषधे स्वतःहून बंद करू नयेत.

नात्यावरील परिणाम
अपयशाच्या भीतीने पती जवळीक टाळतो. ‘मी नकोशी झाले’ असा पत्नीचा समज होतो. वेदनेमुळे पत्नी दूर राहते. पतीला ती उदासीनता वाटते. कोणी बोलत नाही, आणि विकारापेक्षा अबोलाच नात्याला अधिक इजा करतो. शांत वेळी, दोष न देता, एकमेकांशी बोलावे. एकाची इच्छा नसल्यास दुसऱ्याने आग्रह धरू नये. अपत्य न होण्याचे खापर केवळ सुनेवर फोडू नये. तपासणी दोघांचीही करावी.

फसव्या जाहिरातींपासून सावध
दिल्ली व परिसरात, विशेषतः रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर, ‘गुप्तरोगा’वर हमखास इलाजाच्या जाहिराती दिसतात. लैंगिक क्षमता वाढविण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने मनाई केली आहे. स्वप्नावस्थेत वीर्य गेल्याने अशक्तपणा येतो, हा निव्वळ गैरसमज आहे. त्या भीतीचाच अशा जाहिराती लाभ उठवितात.

सिल्डेनाफिलसारख्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेऊ नयेत. हृदयविकारासाठी नायट्रेट औषध घेणाऱ्यांनी त्या घेतल्यास रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो.

सल्ला कोठे मिळेल?
प्रथम जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा जिल्हा रुग्णालयात जावे. आवश्यकतेनुसार तेथून मूत्ररोग, स्त्रीरोग किंवा मानसोपचार तज्ज्ञांकडे पाठविले जाते. दिल्लीतील एम्स, सफदरजंग व राम मनोहर लोहिया या रुग्णालयांत हे तिन्ही विभाग आहेत. शक्य असल्यास पतिपत्नींनी एकत्र जावे. डॉक्टरांना समस्या केव्हापासून आहे, कोणती औषधे चालू आहेत व व्यसन आहे का, हे मोकळेपणाने सांगावे. रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे.

मानसिक ताणासाठी टेली-मानस ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. तेथे मराठीतही बोलता येते.

मधुमेहाची तपासणी करून घेण्यात लाज नाही. या तपासणीतही नसावी.